धक्क्यावर

मोरवाडी, पिंपरी
२ जानेवारी १९८१

विलास,

जयभीम मागाहून. आधी मला हे सांग, तुझं डोकं ठिकाणावर आहे का? दिवस गेलेल्या बायकोला धक्क्यावर नेतं का कुणी? आणि वर पत्रात लिहायचं, "कस्तुराला रोज संध्याकाळी धक्क्यावर नेतो, तिला तिथं मोकळं वाटतं, वारा लागतो." वारा लागतो म्हणे. मी ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं. मला वाटलं माझंच वाचायला चुकतंय, प्रौढ वर्गात जाऊन आता कुठं जोडाक्षरं सुटायला लागलीत. म्हणून शेजारच्या जाईबाईंच्या सुनेला दाखवलं, ती मॅट्रिक आहे. तिनं पण तेच वाचलं. धक्क्यावर. तोवर जाईबाई दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या, त्यांनी सगळ्या चाळीला सांगितलं की चिमाबाईचा जावई बायकोला भूकंप दाखवायला फिरवतो.

सरकारनं तुला भूकंपाची नोकरी दिली, ती तू कर. यंत्रं लाव, त्यातले कागद बघ, बोटीत बसून समुद्रात जा, मी काही म्हणत नाही. पण त्यात माझ्या पोरीला का ओढतोस? लोकांच्या बायका नवऱ्याबरोबर सिनेमाला जातात, हिच्या नशिबी धक्के. आणि ती पण भोळी, चालली तुझ्यामागं.

तू विसरलास का रे सगळं? धरणात पाणी भरलं त्या वर्षापासून कोयनेला जमीन गुरगुरायला लागली, तेव्हा तू शाळेत नुकता जायला लागला होतास. भांडी वाजायची, कौलं सरकायची. पहिल्यांदा सगळे बाहेर पळायचे. मग पळणं थांबलं, सवय झाली. तुझी आई तर हसायची. म्हणायची, "वहिनी, भुईला बी ढेकर येतो." पाच वर्षं ढेकर दिले भुईनं, आणि मग डिसेंबरच्या एका पहाटे सगळं घर तिच्यावर आणलं. तू साताऱ्याला वसतिगृहात होतास. मी तिथं होते. दगड मी उचललेत. नंतर तुझ्या मामांना इकडं कारखान्यात पत्र्याच्या प्रेसवर लावून घेतलं, आम्ही पिंपरीला आलो, तू आमच्याच खोलीत राहून कॉलेज केलंस. एवढं सगळं बघून तुला भूकंपच शिकावासा वाटला, ते पण मी सोडून दिलं. म्हटलं, आईपायी शिकत असेल.

दुसरी गोष्ट. कस्तुरा लिहिते की बाळंतपण तिकडंच करायचं ठरतंय. कुणी ठरवलं? आत्ता कुठं तिला तिसरा लागलाय. पहिलं बाळंतपण माहेरी होतं, हे तुला शिकवायला पाहिजे का? फेब्रुवारीच्या बोटीत बसव तिला. मद्रासला तुझे मामा उतरवून घ्यायला येतील.

लग्न लागलं तेव्हा मी मनाशी ठरवलं होतं की नणंदेचा मुलगा असलास तरी आता जावई आहेस, तुला अहोजाहो करायचं. पण हे पत्र नणंदेच्या मुलाला आहे. जावयाला पुढचं लिहीन, त्यानं तशी लायकी ठेवली तर.

मामी


हट बे, लिटल अंदमान
१३ जानेवारी १९८१

ती. मामींना जयभीम.

तुमचं पत्र वाचून कस्तुरा हसत सुटली, आणि मी मात्र कपाळाला हात लावून बसलो. मामी, धक्का म्हणजे बोटी लागतात तो. समुद्रात बांधून काढलेला दगडी बांध. मुंबईचा भाऊचा धक्का ऐकला असेल तुम्ही, तसलाच, पण लहान. इथले लोक त्याला जेटी म्हणतात. मी मराठीत नीट लिहायचं म्हणून धक्का लिहिलं आणि एवढा घोळ झाला. संध्याकाळी तिथं बंगाली बायका मासे घ्यायला येतात, त्यांच्याशी कस्तुराची ओळख झालीय. भूकंप दाखवायला मी तिला कुठं नेत नाही, आणि तो असा वेळ ठरवून येतही नाही. चाळीत सगळ्यांना सांगा.

आता भूकंपाचं. तुम्हाला काळजी वाटणार, म्हणून सोपं करून सांगतो.

जमिनीचं कवच एकसंध नाही. त्याचे मोठमोठे तुकडे आहेत, त्यांना आम्ही प्लेट म्हणतो. पुणं, कोयना, आपला सगळा मुलूख एका प्लेटवर आहे. ती प्लेट समुद्राच्या तळाशी या बेटांच्या प्लेटखाली शिरते. वर्षाला बोट-दोन बोटं, त्याहून जास्त नाही. आम्ही राहतो ते वरच्या प्लेटवर. आता खालच्या प्लेटवर समुद्रात बुडालेली एक डोंगररांग आहे, आपल्या सह्याद्रीहून कितीतरी लांब. प्लेट सरकते तशी ती रांगही इथं येते आणि बेटांखाली जाऊ लागते. असा डोंगर खाली गेला की भूकंपांवर काय परिणाम होतो, वरच्या प्लेटवर ताण कसा पडतो, हे बघायला आम्हाला इथं बसवलंय.

चाळीस वर्षांपूर्वी आमच्या उत्तरेला मोठा भूकंप झाला. दक्षिणेला शंभर वर्षांपूर्वी झाला होता. मधला आमचा तुकडा, जिथं ती रांग येऊन भिडते असं आम्ही धरतो, तिथं मोठ्या भूकंपाची नोंद सापडत नाही. दुसऱ्या देशांतही काही ठिकाणी असं दिसलंय की मोठा भूकंप अशा रांगेपाशी येऊन थांबतो, तिला ओलांडत नाही. तेव्हा आमचा तुकडा शांत आहे. कस्तुरालाही मी हेच सांगितलंय.

बाळंतपणाचं अजून ठरलेलं नाही. इथून पोर्ट ब्लेअर, तिथून मद्रास, बोट फार डोलते. इथं सरकारी दवाखाना आहे, डॉक्टर चांगले आहेत. बघू.

आपला,
विलास


मोरवाडी, पिंपरी
२५ जानेवारी १९८१

जावईबापूंना जयभीम.

धक्क्याचं कळलं. चाळीला सांगितलं. जाईबाई म्हणाल्या, मग आधीच तसं लिहायला नको का? मी पण तेच म्हणते. कोयनेच्या माणसाला धक्का लिहिताना विचार करून लिहावं. आमच्याकडे बोटी कुठं लागतात? आम्हाला एकच धक्का माहीत. आता दोन झाले. वर्गातल्या बाईंना विचारलं, त्या म्हणाल्या, शब्दाच्या मागं काय लागतं ते बघायचं, म्हणजे कळतं. धक्का बसला तर भूकंप, धक्क्यावर गेले तर बोट. तेवढं मी पक्कं केलंय.

तुमच्या मामांना तुमचं पत्र वाचून दाखवलं. प्लेट म्हटल्यावर त्यांना वाटलं बेट बुडू नये म्हणून सरकारनं खालून लोखंडी प्लेट घातलीय. "किती एमएमची असंल?" विचारत होते. मी म्हटलं मला काय विचारता, मी घातली का? मग सगळं पत्र पुन्हा वाचलं, डोंगरापर्यंत. रविवारी जेवताना आपणहून बोलायला लागले. त्यांच्याकडे पत्र्याखालून पत्रा सरकवताना मधे लोखंडाचा चुरा राहतो कधी कधी. मग दोनांतलं एक होतं म्हणाले. चुऱ्यासकट पत्रा सरकत राहतो, नुसता ओरखडा पडतो. नाहीतर अडतो. अडला की खरखर बंद होते, सगळं गप्प, आणि वरचा पत्रा फुगायला लागतो.

मी विचारलं, मग पुढं?

"मग हात बाजूला घ्यायचा," म्हणाले, आणि भाकरी मोडली.

मला भाकरी गेली नाही. तुम्ही लिहिलंय आमचा तुकडा शांत आहे. शांत म्हणजे सरकतंय म्हणून शांत, की अडलंय म्हणून? मी तुमच्या मामांना म्हटलं, तर ते म्हणाले, पोरगं शिकलेलं आहे, त्यानं बघितलं असेल, तू कशाला त्यात नाक घालतेस. बघितलंच असेल. पण मग लिहायला काय हरकत होती? हे एवढं मला सांगा, बाकीचं शास्त्र नको.

आणि बघू म्हणजे काय? बोट डोलते तर डोलू दे. आत्ता तिला झेपेल, नंतर झेपायचं नाही. फेब्रुवारीची बोट चुकवू नका. चिमटाभर ओवा रुमालात बांधून द्या तिच्याजवळ.

मामी


हट बे
७ फेब्रुवारी १९८१

ती. मामी,

घाईत कार्ड लिहितोय, टपालाची मोटारबोट निघालीय. परवा कस्तुरा धक्क्यावर पडली. मुका मार आहे, खांदा दुखतो. पोटाला काही झालेलं नाही, डॉक्टरांनी नीट तपासलंय. पण दीड-दोन महिने बोटीचा प्रवास नको म्हणाले. तेव्हा फेब्रुवारीत पाठवता येणार नाही. रागावू नका. तुम्ही विचारलं होतं त्याचं उत्तर सवडीनं देतो.

विलास


मोरवाडी, पिंपरी
१८ फेब्रुवारी १९८१

जावईबापूंना जयभीम.

कार्ड मिळालं. आधी नुसतं "कस्तुरा धक्क्या" एवढंच दिसलं. नळावर उभी होते, हंडा खाली ठेवला. मग मागचं "वर" वाचलं आणि जीव भांड्यात पडला. बोटीचा धक्का. घसरायची जागाच ती, ओल्या दगडावर शेवाळ असतं. घरी येऊन तुमच्या मामांना सांगितलं, तर तेच आधी घाबरले, मग मीच त्यांना समजावलं की नाही हो, तो धक्का नव्हे. वर आहे मागं. त्यांना दाखवलं अक्षर.

मी पहिल्या पत्रात तुम्हाला वाटेल ते बोलले. यात तुमची चूक दिसत नाही. तुम्ही दवाखान्यात नेलं, लगेच कळवलं, बरं केलंत. डॉक्टर नको म्हणतात तर नको. खांदा शेकायचा, तीळतेल कोमट करून लावायचं, चोळायचं नाही.

आता खालचं कस्तुराला वाचायला द्या.

कस्तुरा, तुला अक्कल कधी येणार? लहानपणी पवनेच्या घाटावर अशीच नाचत उतरायचीस, दोनदा गुडघे फोडून घेतलेस. तेव्हा एकटी होतीस. आता पोटात दुसरा जीव आहे आणि तू रबरी स्लीपर घालून ओल्या दगडावर मासळीवाल्या बायकांशी गप्पा मारायला जातेस. नवरा नेतो म्हणून जायचं का? त्याला काय कळतं, त्यानं कधी पोट बाळगलंय? आजपासून धक्क्यावर पाय ठेवायचा नाही. मासे नाही खाल्ले तर मरत नाहीस. घरात बस, घरात कसली भीती नाही. मला उत्तर पाठव, तुझ्या हातचं, की ऐकीन म्हणून.

मामी


मोरवाडी, पिंपरी
६ मार्च १९८१

विलास,

कस्तुराचं उत्तर आज आलं. मी मागितलं होतं ना तिच्या हातचं. ते तू न वाचता पाकीट बंद करून टाकलंस असं दिसतं. वाचलं असतंस तर ते माझ्यापर्यंत आलं नसतं.

ती लिहिते, "आई, तू मला उगाच रागावलीस. मी धक्क्यावर गेलेच नव्हते. मी घरात स्टोव्हपाशी होते. घर हलायला लागलं म्हणून दाराकडे पळाले आणि उंबऱ्यात अडखळून पडले. फळीवरचा तांदळाचा डबा खांद्यावर आला. ह्यांनी तुला लिहिलं नाही का?"

मी इथं खाली बसले ते बराच वेळ उठले नाही. जाईबाई आल्या, विचारलं काय झालं. पत्र त्यांच्यापुढं धरलं. त्यांना वाचता येत नाही, तरी त्यांनी हातात घेतलं आणि माझ्या शेजारी बसून राहिल्या.

ह्यांनी तुला लिहिलं नाही का, म्हणते. लिहिलं की. "धक्क्यानं" लिहायचं तिथं "धक्क्यावर" लिहिलं. सगळं खरं, फक्त शेपूट बदललं. धक्का म्हणजे बोटीचा असतो हे मला तूच शिकवलंस. म्हातारपणी शिकायचं कोण शिकतं, मी शिकले. बाईंनी सांगितलं होतं शब्दाच्या मागं बघा, मी मागं बघितलं. न शिकलेली असते तर धक्का वाचून बोंब मारली असती, आणि ती बोंब खरी ठरली असती. शिकले म्हणून फसले. माझं वाचणंच तू माझ्यावर उलटवलंस, विलास. असं माझ्याशी कुणी वागलेलं नाही. माझ्या खोलीत, माझ्या कंदिलाखाली बसून तू अभ्यास केलास.

आणि मी माझ्या पोरीला लिहिलं की घरात बस, घरात कसली भीती नाही. हे माझ्या हातून लिहवून घेतलंस तू.

तुझ्या मामांनी कार्ड मागून घेतलं, उलटंसुलटं करून बघितलं. म्हणाले, "पोरगं खोटं बोलणार न्हाई. घाईत चुकलं असंल." संध्याकाळी ते जेवले नाहीत.

कस्तुरा आणखी एक लिहिते, "तू काळजी करू नको, हे म्हणतात आपला तुकडा शांत आहे, इथं मोठं काही होत नाही." मी तुला जानेवारीत एक गोष्ट विचारली होती. सवडीनं सांगतो म्हणालास. झाली का सवड? सरकतंय की अडलंय?

चिमाबाई


हट बे
१६ मार्च १९८१

ती. मामी,

मामांना सांगा, घाईत चुकलं नाही. मुद्दाम लिहिलं. आधी कार्डावर "धक्क्यानं" असंच लिहिलं होतं. मग ते कार्ड फाडलं आणि दुसरं घेतलं. तुम्ही "वर" वाचून निश्चिंत व्हाल हे मला ठाऊक होतं, कारण तुम्हीच तसं लिहिलं होतं. याहून वेगळं काही सांगण्यासारखं माझ्याजवळ नाही.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर सवड नव्हती म्हणून राहिलं नाही. ते मला देता येत नव्हतं.

आमच्या ऑफिसात दोन मतं आहेत. एक साहेब म्हणतात, ती डोंगररांग जाड आहे आणि खडक हलका आहे, ती सहज खाली जाणार नाही. तिथं दोन्ही प्लेटा एकमेकींत घट्ट अडकल्यात, मागून दाब चालूच आहे, वरची प्लेट दबतेय, उचलली जातेय. शांत आहे ती अडल्यामुळे. एक दिवस सगळा तुकडा एकदम सुटेल. दुसरे म्हणतात, रांगेनं मधला खडक असा चिरडून टाकलाय की तिथं ताण साठतच नाही, थोडं थोडं सरकत राहतं, म्हणून मोठा भूकंप तिथं येऊन थांबतो. तुम्हाला मी फक्त दुसरं लिहिलं. कस्तुरालाही.

मामा म्हणाले तेच दोन प्रकार आहेत. त्यांच्याकडे पत्रा उचलून खाली बघता येतं, आम्हाला बघता येत नाही. आमच्या नोंदी शंभर-सव्वाशे वर्षांच्या. त्या डोंगराच्या हिशोबात तेवढा काळ म्हणजे काहीच नाही.

फेब्रुवारीत घर हललं तो भूकंप मध्यम होता. पण तो दोन प्लेटांच्या सांध्यातला नव्हता. वरच्या प्लेटच्या आत, आमच्याच बेटालगत होता. म्हणजे वरच्या प्लेटवर खालून जोर पडतोय आणि ती आतून तडकतेय, असं पहिले साहेब म्हणतात. दुसरे म्हणतात एका भूकंपावरून काही ठरत नाही. त्यांचंही बरोबर आहे. तेव्हा उत्तर असं, मामी, की मला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही. उद्या होईल, माझ्या मुलाचे केस पिकल्यावर होईल, किंवा होणारच नाही.

मग तिला पाठवत का नाही, असं तुम्ही विचाराल. आई गेली तेव्हा मी साताऱ्याला होतो. वर्ग चालू होता, गुरुजींनी बाहेर बोलावलं. मी पोचलो तेव्हा सगळं उरकलं होतं. मला आईचं तोंडही दिसलं नाही. कस्तुरा बोटीत बसली की ती मला दिसणार नाही, आणि काही झालं तर पुन्हा कुणीतरी मला वर्गाबाहेर बोलावून सांगणार. ती डोळ्यांसमोर असली म्हणजे मी काहीतरी करू शकेन असं वाटतं. हे शहाणपणाचं नाही, मला कळतं. पण रात्री हात पुढं केला की ती तिथं असते.

डॉक्टर म्हणतात, एप्रिलअखेरची बोट तिला चालेल, त्यानंतर सोडणार नाहीत. तोवर मी काय ते ठरवतो. एक मागणं आहे. हे सगळं कस्तुराला लिहू नका. तिला शांत झोप लागते. मी रोज तिला काही नाही, काही नाही म्हणतो आणि तिचा विश्वास बसतो. या दिवसांत तिच्या जिवाला घोर नको. एवढं माझ्यासाठी करा.

विलास


मोरवाडी, पिंपरी
२७ मार्च १९८१

विलास,

तुझं पत्र मी तुझ्या मामांना सबंध वाचून दाखवलं, अडखळत का होईना. "माहीत नाही" लिहिलंस तिथं मी थांबले. ते म्हणाले, पुढं वाच. मी म्हटलं, पुढं त्याहून वाईट आहे.

माहीत नाही याचा मला राग नाही. तुझ्याकडून आलेलं पहिलं खरं वाक्य ते. समुद्राखालचा डोंगर तू हातानं उचलून बघावास असं मी म्हणत नाही. पण तुझं ते शेवटचं मागणं. तू मला काय करायला सांगतोस ते तुझं तुला कळतंय का? एकदा मला फसवलंस, ते मी अजून गिळलेलं नाही, आणि आता म्हणतोस, ये, आपण दोघं मिळून तिला फसवू. माझ्या पोटच्या पोरीला. तिला झोप लागते म्हणून.

खरं काय ते तू कुणाला सांगितलंस? मला. मी बसलेय पिंपरीत. इथं प्रेसच्या दणक्यानं भिंत हलते आणि भोंगा झाला की थांबते. मला ते सांगून काय उपयोग? जिच्या डोक्यावर ते छप्पर आहे, जिच्या अंगावर डबा पडला, तिला तू काही नाही, काही नाही म्हणतोस. घर हललं तेव्हा ती दाराकडं पळाली. उद्या तुझ्यावर विश्वास ठेवून पळाली नाही तर? हे काही नाही म्हणाले होते, म्हणून स्टोव्हपाशीच उभी राहिली तर? तेवढा विचार केलास का? ऑफिसात दोन साहेब भांडतात, तू दोघांचं ऐकतोस, आणि घरी येऊन एकाचंच सांगतोस.

तुझ्या आईला सांगायला कुणाजवळ काही नव्हतं. आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. कस्तुराला सांगू शकेल असा माणूस रोज तिच्यासमोर ताटावर बसतो, आणि भाजी चांगली झाली म्हणतो.

डोळ्यांसमोर असली म्हणजे काही करता येईल म्हणतोस. तुझी आई माझ्या डोळ्यांसमोर होती. मधे एक माजघर, एवढ्या अंतरावर. मी हाक मारली तिला, तिनं ओ दिली. त्यानंतर काय करता आलं मला? हे मी आजवर तुला सांगितलं नव्हतं, कारण तू लहान होतास, आणि मग तू मोठा झालास आणि विचारलं नाहीस. आता सांगते. तिनं ओ दिली होती. तुला तोंड दिसलं नाही म्हणून तू रडतोस. मला दिसलं. जवळ असल्यानं काही होत नाही, विलास. तो खुळा हिशोब सोड.

तुझे मामा शिफ्ट बदलून घेऊन पुण्याला जाऊन आले, मद्रासच्या गाडीचं आणि बोटीचं विचारून आले. मी त्यांना म्हटलं, घाई करू नका, कोण कुठं जाणार ते अजून ठरायचंय. मी पहिल्यापासून तिला माहेरी धाड म्हणत होते. आता तसं म्हणत नाही. तू तिला न सांगता तिकडं ठेवणार, मी तिला न विचारता इकडं ओढणार, मग तुझ्यात आणि माझ्यात फरक काय? ती वीस वर्षांची आहे, दहावी झालेली आहे. तिला प्लेट कळेल. मला कळली.

तेव्हा हे पत्र हातात पडेल त्याच दिवशी तिला समोर बसवायचं आणि सगळं सांगायचं. दोन्ही साहेबांचं. अडल्याचं, सरकल्याचं, आणि आपल्याला माहीत नाही हे पण, तुझ्या तोंडानं. कार्डावर काय लिहिलंस आणि का लिहिलंस ते पण. रडली तर रडू दे, तुझ्यावर चिडली तर ऐकून घे. मग ती ठरवेल. येते म्हणाली तर एप्रिलच्या बोटीत तिला तू आपल्या हातानं बसवायचं, तोंड वाकडं करायचं नाही. राहते म्हणाली तर मी येते तिकडं बाळंतपणाला. समुद्र मी बघितलेला नाही, आणि ते घर हलतं तिथं झोपायचं म्हटलं तर मला भीती वाटते, ते लपवत नाही. तरी येईन.

मी तिला वेगळं काही लिहिणार नाही. तिला सांगायचं काम तुझं आहे, ते मी तुझ्यावरून उतरवणार नाही.

चौदा एप्रिलला इथं सकाळपासून मिरवणुकीची गडबड असते. त्याच्या आदल्या दिवशीच्या, तेरा तारखेच्या टपालानं मला उत्तर पाहिजे, आणि ते कस्तुराच्या अक्षरात पाहिजे. तुझ्या अक्षरातलं पाकीट आलं तर मी फोडणार नाही, पोस्टमनच्या हातातच परत देईन. तिनं फार लिहायला नको. ह्यांनी मला काय सांगितलं, आणि माझं काय ठरलं, येते की राहते. तेरा तारीख, विलास. चौदा नाही.

चिमाबाई